हाक, उत्तर आणि मधली जागा



आपल्या इंदूरजवळ गंभीर नदीवर यशवंतसागर तलाव आहे. 2022 मध्ये त्याचा समावेश महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. तेथे सारस पक्षी आढळतात. सारसाची जोडी मिळून बोलते. नर पंख उंचावून हाक देतो, मादी पंख मिटूनच आपल्या हाका त्यात बरोबर वेळेवर मिसळते. जणू जुगलबंदीच!

वेळ ओळखण्याची अशी जाण लहान पिल्लांतही असते का? नेदरलँड्समधील पीटरब्युरेन येथे सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लांचे संगोपन केंद्र होते. सीलचे पिल्लू आईला हाक मारते. किनाऱ्यावर सगळी पिल्ले एकदम ओरडली, तर आईने आपले पिल्लू ओळखावे कसे? संशोधकांनी एका पिल्लाला इतर पिल्लांच्या ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या. त्याच्या हाका त्या हाकांवर न पडता बहुधा मधल्या मोकळ्या जागेत येत. 2022 च्या दुसऱ्या अभ्यासात 20 पिल्लांची परीक्षा झाली. हाका जलद, लांब किंवा नियमित लयीत असल्या, की पिल्ले तिकडे जास्त वळून पाहत. हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते.

करून पहा : वर्गाचे दोन गट करा. त्रितालाच्या 16 मात्रा मोजा. पहिल्या गटाने 1, 3, 5 अशा विषम मात्रांवर टाळी द्यावी, दुसऱ्याने सम मात्रांवर. आता मोजणे बंद करा, डोळे मिटा. पहिल्या गटाने न सांगता लय हळू करावी. दुसऱ्या गटाची टाळी चुकली का? जो ऐकत होता, त्याची चुकली नसेल. जो नुसता मोजत होता, त्याची चुकली असेल.

पालकांना एक विनंती. घरात सगळे एकदम बोलू लागले, की हळू बोलणारे मूल हळूहळू गप्प होते. पुढे वर्गातही ते हात वर करीत नाही. रात्री जेवताना त्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत आपण थांबावे. उत्तर सुचायला त्याला थोडा वेळ लागला, तरी आपण ते पुरवू नये. ती मधली जागा त्याची आहे.