जीपचे ब्रेक ऑइल

मांजरसुंब्याहून बीडकडे निघाले, की घाट लागतो. उतार मोठा, वळणे पुष्कळ. जुन्या जीपमध्ये माणसे दाटीने बसलेली असतात. कोणाच्या मांडीवर लेकरू, कोणाच्या पायाशी बाजाराची पिशवी. या सगळ्यांचा जीव चालकाच्या एका पायाखाली असतो. तो म्हणजे ब्रेकवरचा पाय.

महिंद्र कंपनीने मुंबईत जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. पुढे ही गाडी खेडोपाडी पोचली. तिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येतो. म्हणून ती चिखलातून निघते, माळावर चढते. पण चार चाकांचा जोर हा चालण्यासाठी आहे. थांबण्यासाठी ब्रेकच पाहिजे.

ब्रेक लागतो कसा?

सायकलीचा पंप घ्या. त्याचे तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या लोटा. दट्ट्या थोडा आत जातो, कारण हवा दबते. आता पिचकारी पाण्याने काठोकाठ भरा. तोंड बंद करून दट्ट्या लोटा. तो हलतच नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. ब्रेकचे सारे गणित एवढेच आहे.

पेडल दाबले, की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइलला लोटतो. ते ऑइल नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत भरलेले असते. पायाचा दाब त्याच्यामार्फत चाकात पोचतो. तिथे लायनर ड्रमला घासतात आणि गाडी थांबते. फार जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून एकच मार्ग असतो. एका जागी नळी फुटली, तर चारही चाकांचा ब्रेक जातो.

नाव तेलाचे, पण तेल नव्हे

आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो. पण ते इंजिनाचे ऑइल नव्हे, डिझेलही नव्हे. ते वेगळे रसायन आहे. ब्रेकमधले रबर त्याला जुळेल असे केलेले असते. वाटेत ऑइल कमी दिसले, म्हणून कोणी इंजिनाचे ऑइल ओततो. मग रबर फुगते. ब्रेक अडकून बसतो किंवा लागतच नाही. असे झाले, तर गाडी पुढे नेऊ नका. नळ्या धुवाव्या लागतात, आतले सगळे रबर बदलावे लागते. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जावे आणि हजारो घालवावे, तसे हे होते.

कोणते घ्यावे?

बाटलीवर ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ असे लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते, तर स्वतः वाचा. अंक मोठा, तर उकळण्याची पायरी वरची. नवे डॉट ३ कमीत कमी २०५ अंश उष्णता सोसते, डॉट ४ कमीत कमी २३० अंश. टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात जे लिहिले असेल तेच घ्या. ‘डॉट ५’ हे सिलिकॉनचे असते. ते या दोहोंत कधीही मिसळू नका. बाटली सीलबंद पाहून घ्या.

पाण्याचे वैर

पावसाळ्यात मीठ उघडे ठेवले, की त्याला पाणी सुटते. ते हवेतला ओलावा ओढते. डॉट ३ आणि डॉट ४ यांचेही तसेच आहे. ओलावा शिरला, की ते लवकर उकळते. जुन्या, ओलावलेल्या डॉट ३ ची पायरी १४० अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात ब्रेक सारखा दाबला, की चाके तापतात, ऑइल उकळते, वाफ होते. वाफ ही हवेसारखी दबते. पाय खाली जातो, गाडी मात्र थांबत नाही. ओलाव्याने नळ्या आतून गंजतात, ते निराळेच.

निगा कशी राखावी?

१. आठवड्यातून एकदा ऑइलची पातळी पाहा. काही जुन्या जीपमध्ये टाकी चालकाच्या पायाखाली असते, काहींत बॉनेटखाली. झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ पुसा.
२. ऑइल सारखे कमी होत असेल, तर नुसते ओतत राहू नका. गळती शोधा. चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, ते पाहा.
३. नवे ऑइल फिकट असते. कोऱ्या चहासारखे काळे झाले, तर बदला. रंग चांगला दिसला तरी दोन वर्षांनी बदला.
४. पेडल मऊ लागले, तर आत हवा आहे असे समजा. मिस्त्रीकडून चारही चाकांची हवा काढून घ्या. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. निघालेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू देऊ नका.
५. हे रसायन विषारी आहे. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. लेकरांपासून दूर ठेवा. विहिरीजवळ, ओढ्यात ओतू नका. गाडीच्या रंगावर सांडले, तर लगेच पाण्याने धुवा.

घाटात काय करावे?

ज्या गिअरने घाट चढलात, त्याच गिअरने उतरा. इंजिनच गाडीला धरते आणि ब्रेक थंड राहतो. गाडी कधीही बंद करून उतारावर सोडू नका. ब्रेक गेलाच, तर पेडल भराभर दाबा. एकेक करून खालचा गिअर टाका. हँडब्रेक हळूहळू ओढा.

आणि गाडीत बसणाऱ्यांनो, तुम्हीही विचारा, “भाऊ, ब्रेक ऑइल कधी बदलले?” विचारण्यात कमीपणा नाही. जीव आपला आहे.

प्रश्न
१. हवा आणि पाणी यांत कोण दबते?
२. ब्रेकमध्ये इंजिनाचे ऑइल का ओतू नये?
३. तुमच्या गावातल्या जीपच्या झाकणावर काय लिहिले आहे? वाचून वहीत लिहा.