मुक्या जिवांचा कैवार : दोन मार्ग

महाविद्यालयात असताना प्रात्यक्षिकाच्या तासाला मी बेडूक चिरला. हात थरथरत होते. पण गुण हवे होते. पुढे वडिलांना मधुमेह जडला आणि त्यांना इन्शुलिन टोचण्याचे काम माझ्याकडे आले. हे औषध १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून शोधले. बेडकाची टोचणी खरी आणि वडिलांचे प्राण वाचले हेही खरे. मग न्याय्य काय?

हा वाद जुना आहे. इंग्लंडात फ्रान्सिस पॉवर कॉब या विदुषीने १८७५ साली जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीविरुद्ध संस्था काढली. दुसऱ्याच वर्षी कायदा होऊन प्रयोगांना परवाना व तपासणी लागू झाली; प्रयोग मात्र थांबले नाहीत. १८९८ साली संस्थेत फूट पडली. स्टीफन कोलरिज म्हणत, संपूर्ण बंदी हे ध्येय असावे, परंतु तोवर मिळेल ती सुधारणा पदरात पाडून घ्यावी. कॉबबाईंच्या मते अशी तडजोड म्हणजे अन्यायाला मान्यताच. पंचाहत्तरीत त्यांनी नवी संस्था स्थापिली.

१९५९ साली रसेल व बर्च या शास्त्रज्ञांनी तीन नियम मांडले : शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राणी लागलाच तर कमीत कमी घ्यावेत, त्यांना यातना कमीत कमी व्हाव्यात. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीने १९६० साली प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याने प्रयोग बंद केले नाहीत, देखरेखीखाली आणले. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील चिरफाड बंद करण्यास सांगितले. इन्शुलिनही पूर्वी गाईगुरे व डुकरे यांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९८२ पासून जिवाणूंकडून बनविलेले मानवी इन्शुलिन बाजारात आले.

यावरून मला वाटते की, दोन्ही मार्गांची गरज आहे. सुधारक आजच्या प्राण्याचे दुःख हलके करतो. पूर्ण बंदी मागणारा 'याची गरजच काय?' हा प्रश्न विझू देत नाही. तो प्रश्न नसता तर पर्याय शोधण्याची निकड कोणास भासली असती?

आता मुलांना मी बेडकाचे हृदय चित्रांवरून व प्रतिकृतीवरून शिकवितो. त्यांना ते उत्तम समजते. वडिलांची सुई मात्र चालूच आहे, आणि ती टोचताना त्या कुत्र्यांचे ऋण विसरू नये, एवढे मी मुलांना आवर्जून सांगतो.