भातखाचरातील नत्रमुक्तीचे गणित : तंजावूरच्या शेतांवरून घ्यावयाचा बोध

भातपीक हंगामभरात जे नत्र शोषून घेते, त्याचा मोठा हिस्सा, बऱ्याचदा निम्मा किंवा त्याहूनही अधिक, युरियाच्या गोणीतून नव्हे तर जमिनीतील सेंद्रिय पदार्थांतून येतो. जमीन किती नत्र देणार आणि केव्हा देणार, याचा अंदाज नसेल तर खताची मात्रा ठरवणे हे अंधारात तीर मारण्यासारखे होते. मात्रा कमी पडली तर फुटवे कमी येतात. ती जास्त झाली तर पीक लोळते, किडी-रोगांना बळी पडते आणि पैसा पाण्यात जातो. हा अंदाज बांधण्यासाठी मृदाशास्त्रज्ञांनी गणिती प्रारूपे विकसित केली आहेत. त्यांचा उपयोग कोठवर होतो आणि मर्यादा कोठे येते, हे समजून घेण्यास कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावूरचे उदाहरण उपयुक्त ठरते.

तंजावूरची पीकपद्धती

या भागात भाताचे प्रामुख्याने तीन हंगाम आहेत. जूनच्या सुमारास सुरू होणारा अल्प मुदतीचा कुरुवै, ऑगस्टपासूनचा दीर्घ मुदतीचा सांबा आणि कुरुवैच्या कापणीनंतर त्याच शेतात घेतला जाणारा ताळडि. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला सोडण्याचा प्रघात आहे. पाणी लांबले की कुरुवै अडचणीत येतो. जुन्या त्रिभुज प्रदेशातील जमिनी चिकण गाळाच्या, तर नव्या भागातील तुलनेने हलक्या आहेत. हिवाळी भातानंतर ओलाव्यावर उडीद-मूग घेण्याची पद्धत आहे. त्यानंतर उन्हाळ्यात जमीन तापते, भेगाळते आणि पुढे पुन्हा पाण्याखाली जाते. सुकणे आणि बुडणे यांचे हे चक्र नत्राच्या हिशेबात फार महत्त्वाचे ठरते. आडुतुरै येथे १९२२ मध्ये स्थापन झालेले भात संशोधन केंद्र याच जिल्ह्यात आहे.

मूळ प्रारूप

जमिनीतील सेंद्रिय नत्राचे जिवाणूंद्वारे अमोनियम व नायट्रेटमध्ये रूपांतर होते. या क्रियेस खनिजीकरण म्हणतात. १९७२ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड आणि स्मिथ यांनी ३९ जमिनींचे नमुने ३५ अंश सेल्सिअस तापमानात ३० आठवडे ठेवून मुक्त झालेले नत्र मोजले. त्यातून पुढे आलेले सूत्र सोपे आहे : मुक्त होण्याजोग्या नत्राचा जो साठा शिल्लक असतो, त्याचा ठरावीक हिस्सा दर आठवड्यास मुक्त होतो. त्यांच्या प्रयोगात हा दर सरासरी ०.०५४ प्रति आठवडा, म्हणजे शिल्लक साठ्याच्या सुमारे सव्वापाच टक्के इतका आढळला.

समजा, हेक्टरी साठा १०० किलो आहे. या दराने पहिल्या चार आठवड्यांत सुमारे १९ किलो, पुढील चार आठवड्यांत १६ किलो आणि त्यापुढील चार आठवड्यांत १३ किलो नत्र मुक्त होईल. बारा आठवड्यांची बेरीज ४८ किलो होते. याचा अर्थ, जमीन सुरुवातीस अधिक आणि नंतर कमी देते. तापमान १० अंशांनी उतरले की दर साधारण निम्मा होतो, असेही पुढील अभ्यासात दिसून आले. त्यामुळे २५ अंशांना त्याच साठ्यातून बारा आठवड्यांत केवळ २८ किलोच्या आसपास नत्र मिळेल. उष्ण काळातील कुरुवै आणि थंडीकडे झुकणारा ताळडि यांना एकच वेळापत्रक का लावू नये, हे या आकड्यांवरून उमगते.

पाण्याखालील जमिनीचे वेगळेपण

हे सूत्र मात्र हवा खेळती असलेल्या मातीवरून काढलेले आहे. चिखलणी केलेल्या खाचरात प्राणवायू नसतो. तेथे खनिजीकरण अमोनियमपाशीच थांबते. प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या वाढीसाठी नत्र कमी लागते. त्यामुळे धैंच्यासारखे हिरवळीचे खत गाडल्यावर नत्र लवकर मोकळे होऊ लागते.

सुकलेली जमीन पुन्हा भिजली की खनिजीकरणाला एकदम जोर येतो. १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून बर्च यांनी ही घटना सविस्तर मांडली. परंतु पडीक काळात जमा झालेले नायट्रेट पाणी भरताच विनत्रीकरणाने वायुरूपात उडून जाते किंवा झिरपून जाते. उडीद, मूग वा धैंचा यांसारखे पीक मध्ये उभे असल्यास ते यातील काही नत्र धरून ठेवते. पाण्याच्या या चढउताराची नोंद नसेल, तर उत्तम प्रारूपाचा अंदाजही चुकतो.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. १९९६ मध्ये कॅसमन व सहकाऱ्यांनी आशियातील बागायती भातजमिनींच्या अभ्यासातून दाखवून दिले की, सेंद्रिय कर्ब किंवा एकूण नत्र यांचा पिकास प्रत्यक्ष मिळणाऱ्या नत्राशी संबंध क्षीण असतो. म्हणून माती परीक्षण अहवालातील सेंद्रिय कर्बाचा एकटा आकडा पाहून खाचराची नत्रक्षमता ठरवणे धोक्याचे आहे.

पीकच मोजमाप करते

यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या सहकार्याने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कावेरी त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्यांच्या शेतांवर स्थाननिहाय अन्नद्रव्य व्यवस्थापनाचे प्रयोग झाले. त्यांत शेताचा छोटा भाग नत्राविना ठेवून जमिनीची देणगी पिकाकडूनच मोजली जाते. या मोजणीला 'क्वेफ्ट्स' या प्रारूपाची जोड देण्यात आली. नेदरलँड्समधील यान्सेन व सहकाऱ्यांनी ते १९९० मध्ये प्रथम मक्यासाठी मांडले आणि पुढे भातासाठी त्यात सुधारणा झाली. या प्रारूपानुसार, संतुलित पोषणात एक टन धान्यासाठी पीक सुमारे १५ किलो नत्र उचलते.

उदाहरणार्थ, नत्राविना तुकड्यात हेक्टरी ३ टन धान्य मिळाले, तर जमिनीचा वाटा ४५ किलो होतो. उद्दिष्ट ६ टनांचे असेल तर गरज ९० किलोंची, म्हणजे तूट ४५ किलोंची आहे. दिलेल्या खतातील ४५ टक्के नत्र पिकास लागू पडते असे धरल्यास हेक्टरी १०० किलो नत्र, अर्थात सुमारे २१७ किलो युरिया लागेल. एकरी हिशेबाने ४५ किलोंच्या जवळपास दोन गोण्या होतात. शेजारच्या खाचरात जमिनीचा वाटा ६० किलो निघाला, तर हीच मात्रा हेक्टरी ६७ किलो नत्रावर येते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

१. प्रत्येक जमीनप्रकारात व हंगामात पाच मीटर लांब-रुंद तुकडा नत्राविना ठेवावा. स्फुरद व पालाश पूर्ण द्यावे. शेजारचे खतयुक्त पाणी आत येऊ नये म्हणून पक्का बांध घालावा.

२. कापणीच्या वेळी कडेच्या ओळी सोडून मधल्या भागाचे धान्य वाळवून तोलावे. लोळलेल्या वा कीडग्रस्त तुकड्याचे आकडे घेऊ नयेत.

३. एकूण मात्रा या तुकड्यावरून ठरवावी, तर हप्ते ठरवताना प्रारूपाचा कल पाहावा. लावणीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात रोपांची गरज कमी आणि जमिनीची देणगी अधिक असते. तेव्हा त्या वेळचा हप्ता लहान ठेवून फुटवे व लोंबी धरण्याच्या अवस्थांवर भर द्यावा.

४. हप्त्यापूर्वी पानांचा रंगतक्ता पाहावा. रंग वाणासाठी ठरलेल्या मर्यादेच्या खाली असेल तरच हप्ता वेळेवर द्यावा.

५. पाणी भरल्याची, जमीन सुकल्याची व हिरवळीचे खत गाडल्याची तारीख नोंदवावी.

भंडारा-गोंदियातील तलावांखालचे भात आणि कोकणातील जांभ्या जमिनीवरील, अतिवृष्टीचे भात यांची परिस्थिती तंजावूरहून भिन्न आहे. म्हणून तेथील आकडे जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. उचलायची आहे ती पद्धत : काळाचा अंदाज प्रारूपाकडून घ्यावा आणि प्रमाण आपल्याच बांधाआड मोजावे.