हात तोंडाकडे जाण्याआधी

पोरी, सोमवारपासून तू नोकरीला लागणार. सकाळची लोकल, पुढे शेअर रिक्षा, मग काचेच्या इमारतीतली लिफ्ट. डबा, छत्री, पास या गोष्टी तुझी आई बघेल. मावशीकडून हे चार शब्द घे. मी ३४ वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर बसले. गावातल्या प्रत्येक हातातली नोट कधी ना कधी माझ्या हातात आली. पैशांपेक्षा हातांचाच हिशेब मला जास्त पाठ झाला म्हणेनास!

रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी बंडल मोजायला घेतलं आणि बोट जिभेकडे गेलं. घरी सगळे तसेच मोजायचे. शेजारच्या जुन्या कॅशियरकाकांनी ओल्या स्पंजची डबी माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "ही नोट सकाळी मासळीबाजारात होती, दुपारी दवाखान्यात. आता तिला तोंडात घेतेस?" तेव्हापासून थुंकी बंद. डबीतलं पाणीही रोज बदलायचं, नाहीतर दोन दिवसांत तिलाच वास यायचा. त्या काळी बंडलांना पिना मारलेल्या असत. त्या उचकटताना बोटं टोचायची आणि त्याच बोटांनी मळक्या नोटा मोजायच्या. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पिना मारणं बंद करायला सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या बोटांवरच्या पट्ट्या कमी झाल्या.

तू नोटा मोजणार नाहीस. पण फायलीचं पान उलटताना, चिकटलेली प्लास्टिकची पिशवी उघडताना बोट जिभेकडे जातं का, ते एकदा बघ. जात असेल तर ती सवय आधी मोड.

आता मूळ मंत्र ऐक. दांड्याला, कडीला, बटणाला हात लागला म्हणून कुणी आजारी पडत नाही. धडधाकट कातडीतून जंतू सहसा आत शिरत नाहीत. त्यांना डोळा, नाक, तोंड नाहीतर उघडी जखम लागते, आणि तिथवर त्यांना आपलाच हात पोचवतो. ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची एक पाहणी २०१५ मध्ये छापून आली होती. एकेक जण तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला हात लावत होता, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास स्पर्श डोळे, नाक, तोंड यांनाच होते. डॉक्टर व्हायला निघालेल्यांची ही गत, तर आपली काय असेल! म्हणून सगळं जग पुसत फिरू नकोस. ते कुणालाच जमलेलं नाही. हात आणि तोंड यांच्यामध्ये साबण आण, एवढं जमतं.

पेन स्वतःचं. यामागे माझीच चूक आहे, म्हणून सांगते. एका पावसाळ्यात माझे डोळे आले. पेन्शनची तारीख होती, बाहेर म्हाताऱ्यांची रांग. रजा कशी घ्यायची म्हणून काळा गॉगल लावून काउंटरवर बसले. खाज सुटली की गॉगल वर करून डोळा चोळायचा आणि त्याच हातानं दोरीला बांधलेलं पेन पुढे करायचं. आठवड्याभरात आमच्या शाखेतल्या निम्म्या लोकांनी गॉगल चढवले. रांगेतल्या किती जणांनी तो प्रसाद घरी नेला, ते मोजायची माझी हिंमत नाही झाली.

लोक म्हणतात, डोळे आलेल्याकडे बघितलं की आपलेही येतात. बघून काही होत नाही. ही साथ बहुतेकदा विषाणूची असते आणि ती पसरते हातातून, रुमालातून, उशीच्या अभ्र्यातून. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदी-पुण्याकडे आणि मग राज्यभर हीच साथ होती, आठवतंय ना? तेव्हा पर्समध्ये स्वतःचं पेन ठेव. कुणी मागितलं तर आनंदानं दे, पण परत घेतल्यावर त्याचं टोक चावत बसू नकोस.

दांडा डाव्या हातानं. लोकलमध्ये दांडा सोडून उभं राहण्याचा शहाणपणा करू नकोस. जंतूंच्या भीतीनं पडलीस, तर हाताला प्लास्टर पक्कं. बिनधास्त धर, पण शक्यतो डाव्या हातानं. आपण जेवतो उजव्यानं, डोळ्यातलं कुसळ काढतो तेही उजव्यानंच. लिफ्टचं बटण बोटाच्या टोकाऐवजी सांध्यानं दाबता येतं, दार खांद्यानं ढकलता येतं. स्टील-प्लास्टिकसारख्या गुळगुळीत वस्तूंवर फ्लूचा विषाणू २४ ते ४८ तास तग धरू शकतो. कापडा-कागदावर तो बराच कमी टिकतो. आमच्या बँकेत पूर्वी पितळी टोकनं होती. तांब्या-पितळेवर बरेच जंतू फार टिकत नाहीत, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. तोवर ती जाऊन प्लास्टिकची आली होती.

पोचल्यावर पहिलं काम बेसिनपाशी. थंब लावलास, बॅग ठेवलीस की हात धू, मगच चहाचा कप उचल. साबण लावून निदान २० सेकंद. बहुतेक जण तळहात चोळतात आणि अंगठा, बोटांच्या बेचक्या, नखांखालची जागा विसरतात. नखं छोटी ठेव. हॉटेलात गेलीस तर हात धुण्याची वेळ साध. आपण आधी हात धुतो, मग मेनूकार्ड चाळतो, खुर्ची ओढतो, मोबाइल बघतो आणि शेवटी वड्याला हात घालतो. ऑर्डर देऊन झाल्यावर उठ आणि तेव्हा धू.

रुमाल दोन. एक नाकासाठी, एक हातासाठी, आणि दोन्हींचे रंग वेगळे. ओल्या हातांना जंतू सहज चिकटतात आणि ओल्या हातांवरून सहज पसरतात, म्हणून धुण्याइतकंच पुसणं महत्त्वाचं. पण बेसिनपाशी दिवसभर लोंबणारा सगळ्यांचा नॅपकिन असेल तर त्याला दुरूनच नमस्कार. पँट्रीतल्या ओल्या स्पंजलाही तोच. आपला कप आपण धुवायचा, बोटांनी साबण चोळून आणि वाहत्या पाण्याखाली. कूलरवर साखळीला बांधलेला एकच ग्लास असेल तर आपली बाटली भरून घे, नाहीतर आजीसारखं वरून पी.

सॅनिटायझरचा भरवसा बेतानं. प्रवासात तो सोयीचा आहे. बाटलीवर अल्कोहोल ६० टक्के किंवा जास्त लिहिलेलं बघ, आणि हात कोरडे होईपर्यंत चोळ. पण हात तेलकट किंवा मळके असतील तर त्याचं फारसं चालत नाही. उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंपुढेही तो लंगडा पडतो. तिथे साबण-पाणीच. आणि सॅनिटायझर लावून लगेच देवापुढे दिवा लावायला जाऊ नकोस, तो पेट घेतो. हातमोज्यांच्या नादी तर लागूच नकोस. मोजा घातला की माणूस निर्धास्त होतो आणि त्याच मोज्यानं दांडा, मोबाइल, नाक सगळीकडे फिरतो.

मोबाइल म्हणजे तिसरा हात. हात धुतलेस आणि पुन्हा तोच मोबाइल उचललास, तर धुणं वाया. संडासात तो नेऊ नकोस, जेवताना ताटाशेजारी ठेवू नकोस. रोज रात्री बंद करून अल्कोहोलनं किंचित ओलसर केलेल्या कापडानं पूस, वरून ओतू नकोस. ऑफिसातला माऊस, कीबोर्ड, फोनचा रिसीव्हर आठवड्यातून एकदा पुसलास तरी पुरे. पण आधी मळ काढ, मग जंतुनाशक लाव आणि बाटलीवर लिहिलं असेल तितका वेळ ते ओलं राहू दे. घरी ब्लीच वापरलंस तर त्यात संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नकोस. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि जीवावर बेततं.

एवढं ऐकून घाबरू नकोस. कोविडमध्ये आपण दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या, वर्तमानपत्रं उन्हात टाकली. पुढे कळलं की तो आजार मुख्यतः हवेतून जात होता. दूषित वस्तूला हात लावून तो होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये एकाहूनही कमी, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं २०२१ च्या एप्रिलमध्ये सांगितलं. तिथे खिडकी उघडणं जास्त कामाचं होतं. पण सर्दी, आलेले डोळे, जुलाब यांना हाताची वाट चांगली ठाऊक आहे. ती तेवढी आपण अडवायची.

आणखी एक, जरा कडू. माझी आजी बाहेरून आलेल्याला हातपाय धुतल्याशिवाय उंबरठा ओलांडू द्यायची नाही. तो नियम मी आजही पाळते. पण त्याच आजीकडे काही माणसांसाठी वेगळा कप असायचा, खिडकीत पालथा घातलेला. तो नियम मी तिच्याबरोबरच जाऊ दिला. जंतूला जात कळत नाही, पगारही कळत नाही. साहेबाचा हात आणि झाडूवाल्या मावशींचा हात त्याला सारखाच. हात धुवायचे ते दांडा धरला म्हणून. कुणाशी हात मिळवला म्हणून त्याच्यासमोर तोंड वाकडं करून धुतलेस, तर मावशीशी गाठ आहे.

आणि बरं नसेल तेव्हा रजा घे. गॉगल लावून कामावर जाण्यात मला तेव्हा कर्तव्य वाटलं होतं. आज लाज वाटते.

सोमवारी जागा, संगणक, कँटीन सगळं बघशीलच. त्याआधी बेसिनवर साबण आहे का ते बघ. नसेल तर त्याच दिवशी मागून घे. नवी आहेस म्हणून संकोच करू नकोस, कारण तिथे सगळ्यांचेच हात धुवायचे राहिलेले असतील.