स्प्रे मारून डोकं बरं होत नाही

आमची मुलगी उजव्या कोपऱ्याला खेळते. घोट्याची पकड हा तिचा हातखंडा. पंचवटीतल्या त्या स्पर्धेत ती खाली झेपावली, चढाईवालीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला आणि ती मॅटवर आडवी झाली. पुढे जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. प्रशिक्षक धावत आले, बगलेत हात घालून तिला बसतं केलं, तोंडावर पाणी, मानेवर थंड स्प्रे, आणि "काही झालं नाही, ऊठ!" तिला बाहेर घ्या म्हणून मी कडेने ओरडत होतो. उत्तर आलं, "अहो दादा, कबड्डी आहे ही, कॅरम नव्हे."

राखीव मुली बाकावर बसून होत्या. त्या कशाला आणल्या होत्या, देव जाणे.

मध्यंतरात जवळ गेलो. "पप्पा, पहिला हाफ संपला का?" हो म्हटलं. पाणी प्यायली, बाटलीचं झाकण लावलं आणि पुन्हा, "पप्पा, पहिला हाफ संपला का?" डोळे माझ्याकडे, पण नजर ठरत नव्हती. पोटात गोळाच आला. कुणाला न विचारता तिला घेऊन निघालो. "ऐन सामन्यात मुलगी पळवली" हे मागून ऐकू आलं.

सीटी स्कॅन साफ निघाला. सरांचा लगेच फोन, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" सीटीत रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं, मेंदूला बसलेला हादरा, म्हणजे कन्कशन, दिसत नाही. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागतं असंही नाही. तो उतरायच्या आत दुसरा मार बसला तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं, कोवळ्या वयात तर जास्तच. डोकेदुखीने तिला पुस्तक उघडवत नव्हतं, ते बघायला सर आले नाहीत.

तेव्हा पालकांनो, शंका आली तरी त्या दिवशी मूल पुन्हा मैदानात नाही, करंडक गेला खड्ड्यात. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके दिसले तर थेट रुग्णालय. मान दुखतेय, हातापायाला मुंग्या येताहेत म्हणाली तर उचलू नका, बसवू नका. डोकं आहे तसं दोन्ही हातांनी धरून ठेवा आणि 108 लावा. परतणं पायरीपायरीने: आधी अभ्यास, चालणं, मग धावणं, मग एकटीचा सराव, प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. पकडी डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. बाकी पाणी, झोप, वॉर्मअप सगळे सांगतातच.

स्पर्धेआधी मॅटचे सांधे आणि रेषेलगतचे हॅलोजनचे उघडे खांब बघून घ्या. बोललात की आयोजकांची तोंडं वाकडी होतील, होऊ द्या.

डोकं खाली घालून धडकलं की मानेचा नैसर्गिक बाक सरळ होतो आणि सगळा जोर मणक्यांवर उभा उतरतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये 1976 साली डोक्याने धडक देण्यावर बंदी आली आणि हातपाय कायमचे लुळे पडण्याचे प्रकार झपाट्याने घटले. कॅनडात आइस हॉकी खेळणाऱ्या कितीतरी मुलांच्या जर्सीवर पाठीमागे 'थांबा'ची लाल खूण असते, मागून ढकलू नका म्हणून. आपल्याकडे कात्री मारली तर फाउल, तोंड दाबलं तर फाउल; मुंडी खाली घालून झेपावणारीला मात्र टाळ्या. नजर वर, खांद्याने भिडायचं, हे पहिल्याच महिन्यात शिकवायला पैसे पडत नाहीत.

मुलगी आता दुसऱ्या संघाकडून खेळते. जुन्या सरांनी तब्येतीची चौकशी केली नाही. त्या स्पर्धेच्या किटचे पैसे बाकी असल्याचा मेसेज तेवढा आला.