‘रन’ म्हणजे नुसतं पळणं नव्हे

कोल्हापुरात संध्याकाळच्या वर्गात मी मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. बहुतेक जण मराठी माध्यमातले. नर्सिंग झालेल्या मुली, आयटीआयची मुलं, दुकानात हिशेब सांभाळणारे. त्यांना धास्ती असते ती लांबलचक शब्दांची. पण लांब शब्दाला बहुधा एक-दोनच अर्थ असतात, खरी अडवतात ती तीन-चार अक्षरी क्रियापदं. त्यातलं ‘रन’ सर्वांत दांडगं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी या एका क्रियापदावर सुमारे नऊ महिने खर्च केले आणि त्याचे ६४५ अर्थ नोंदवले. १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती, ती ‘रन’ने मागे टाकली. शिकवता शिकवता या शब्दाकडून मला जे मिळालं, ते इथे लिहिते.

१. पाठ केलेला अर्थ सर्वांत कमी कामाला येतो.

रन म्हणजे पळणे, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. पण रोजच्या इंग्रजीत माणसापेक्षा वस्तूच जास्त ‘रन’ होतात, आणि त्या मराठीत पळत नाहीत, चालतात. मशीन चालतं, दुकान चालतं, घड्याळ चालतं. अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये १९५२ साली आलं आणि करोनाकाळातला खंड सोडला तर अजून सुरू आहे. इंग्रजीत ते ‘रन’ होतंय, आपण म्हणू नाटक चाललंय. हे एकदा ध्यानात आलं की ‘ही रन्स अ हॉटेल’ वाचून हॉटेल घेऊन पळणारा माणूस डोळ्यांपुढे येत नाही.

२. क्रियापदाच्या मागोमाग काय येतं ते आधी बघावं.

मराठीत ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ ही रूपंच वेगळी आहेत, मधला ‘व’ सगळं सांगून जातो. इंग्रजीत कारखाना ‘रन’ होतो आणि मालकही कारखाना ‘रन’ करतो, शब्द तोच. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी कर्म शोधायला लावते. कर्म असलं तर बहुतेक वेळा चालवणारा कोणीतरी आहे.

३. ज्याला ‘लागणे’ येतं, त्याला ‘रन’ येऊ शकतं.

एकाच शब्दाला इतके अर्थ कसे, असं कोणी हताश होऊन विचारलं की मी फळ्यावर ‘लागणे’ लिहिते आणि वर्गाला बोलायला सांगते. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दार लागतं, डोळा लागतो, घाटात बस लागते, व्यालेली म्हैस दूध द्यायला लागते. ‘तो माझा कोण लागतो?’ हेही तेच क्रियापद. यातलं एकही वाक्य कोणी अर्थांची यादी घोकून शिकलेलं नसतं. प्रत्येक अर्थ त्याच्या सोबतीच्या शब्दाबरोबर घरात ऐकलेला असतो. मोल्सवर्थने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला, तेव्हा मराठी शिकणाऱ्या परक्या माणसापुढे आपली अशीच क्रियापदं उभी राहिली असणार. माझ्या विद्यार्थ्यांकडे ही समज आधीपासून आहे. तिच्यावर त्यांचा विश्वास बसवणं हे मी माझं मुख्य काम मानते.

४. काही अर्थ अलंकारिक वाटतात, पण ते फार जुने असतात.

नाक ‘रन’ होतं, नळ ‘रन’ होतो, धुण्यात कापडाचा रंग ‘रन’ होतो. वाहण्याचा हा अर्थ इंग्रजीच्या अगदी आरंभापासून या शब्दात आहे. जर्मन भाषेत त्याच कुळातल्या ‘रिनेन’चा अर्थ आजही वाहणे, झिरपणे असाच आहे. यंत्रांचा अर्थ मात्र नंतरचा. आगगाड्या आल्या, गिरण्या आल्या, पुढे संगणक आले, आणि जे जे नवं सुरू झालं ते ‘रन’ होऊ लागलं. १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युएल जॉन्सनने अशा क्रियापदांचे अर्थ पकडणं किती कठीण आहे हे सांगितलं होतं, आणि त्या नावांत ‘रन’ही होता. तेव्हा तर यंत्रयुगाची नुसती सुरुवात होती.

५. मागचं छोटं शेपूट अर्थ फिरवतं.

क्रिकेटमुळे ‘रनआउट’ सगळ्यांना ठाऊक. पण ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ म्हटलं की वर्ग थबकतो. दूध संपलंय, एवढंच ते. ‘रन इंटू’ म्हणजे अचानक गाठ पडणं किंवा धडकणं, ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली चिरडणं, ‘रन थ्रू’ म्हणजे भरभर नजर घालणं, ‘रन अप अ बिल’ म्हणजे उधारी वाढवत नेणं. याद्या देऊन हे कोणालाच लक्षात राहत नाही. मग मी मराठीतली आपली सवय दाखवते. लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून काढ, लिहून टाक. लिहिणं एकच, पण ‘घे’मध्ये ते स्वतःसाठी आहे, ‘दे’मध्ये दुसऱ्यासाठी, ‘ठेव’मध्ये पुढच्या उपयोगासाठी, ‘टाक’मध्ये एकदाचं उरकण्यासाठी. जे आपण मागच्या क्रियापदावर सोपवतो, ते इंग्रजी बऱ्याचदा ‘आउट’, ‘अप’, ‘ओव्हर’ अशा शब्दांवर सोपवतं. ‘आउट’मध्ये संपून जाणं आहे, ‘अप’मध्ये साठत जाणं. हे दर वेळी तंतोतंत जुळत नाही, पण अंदाज बांधायला पुरतं, आणि अंदाज बांधायचं धाडस आलं की माणूस वाचायला लागतो.

६. समानार्थी शब्द प्रसंग बघून घ्यावा.

ऑपरेट, मॅनेज, कंडक्ट, ॲडमिनिस्टर हे सगळे कुठे ना कुठे ‘रन’च्या जागी बसतात. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच आली, विद्वानांकडे लॅटिन होतीच, त्यामुळे इंग्रजीत घरचा शब्द आणि कचेरीचा शब्द अशा जोड्या झाल्या. ‘मॅनेज’ तर इटालियनमधून आला, घोडा हाताळण्याच्या अर्थाने. आपल्याकडेही काकू खानावळ चालवतात आणि संस्थेचं संचालन होतं. परिचारिकेच्या नोकरीच्या अर्जात मी ‘मॅनेज्ड’ लिहायला सांगते, बोलताना ‘रॅन’ चालतं. ‘ऑपरेट’पुढे ‘ऑन’ आलं तर तिथे शस्त्रक्रिया आहे, तिथे ‘रन’ला वावच नाही. रॉजे या डॉक्टरने १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेला समानार्थी शब्दांचा संग्रह थोर आहे, पण तो शब्द आठवून देतो, शिकवत नाही. नवशिक्याने त्यातून अनोळखी शब्द उचलू नये, असं माझं ठाम मत आहे.

७. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. आपणही निवडणुकीला उभेच राहतो.

८. वाक्य स्वतःच्या कामातलं असावं.

हल्ली मी प्रत्येकाला आपापल्या कामातलं ‘रन’चं वाक्य आणायला सांगते. एका मुलीने ‘द चाइल्ड इज रनिंग अ टेंपरेचर’ आणलं, म्हणजे बाळाला ताप आहे. शेती करणाऱ्या एका मुलाने दोन वाक्यं आणली, ‘द वेल रॅन ड्राय’ आणि ‘द पंप रॅन ड्राय’. त्याला विचारलं, दोन्हींत फरक काय? तो म्हणाला, “मॅडम, पहिल्यात विहीर आटली. दुसऱ्यात पाणी नसताना मोटार कोरडी चालली, मग सील जळतं.” कोशात शोधावा लागला असता असा भेद त्याने एका दमात सांगितला, कारण दोन्ही गोष्टी त्याच्या शेतातल्या होत्या.