तरवड आणि रिक्सिया शेजारी ठेवताना

सपुष्प वनस्पती आणि लिव्हरवर्ट यांतला फरक मी वर्गात तक्ता काढून शिकवतो. पोरं तो पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. धाराशिव जिल्ह्यातल्या पावसाळी सहलींनी मला जे शिकवलं, ते असं:

१. वेळ साधा. तरवडाचं सपुष्प झुडूप बारा महिने दिसतं. रिक्सिया हे लिव्हरवर्ट मात्र पावसाळ्यातलं. ओल्या, उघड्या मातीवर रुपयाएवढी हिरवी चकती दिसली की थांबा.

२. तिच्यात पान-खोड शोधू नका. सपाट अंग, प्रत्येक टोकाला दोन फाटे, मधोमध खाच. खाली मुळं नाहीत, एकपेशीय मूलाभ आहेत. पाणी वर चढवणाऱ्या वाहिन्या नाहीत, म्हणून ती जमिनीलाच धरून राहते. तरवडाची मुळं मुरमातही खोल उतरतात.

३. आधी पिढी विचारा: गुणसूत्रांचा एक संच असलेली की दोन? सगळी मेख इथेच आहे. रिक्सियाच्या चकतीत गुणसूत्रांचा एकच संच असतो, तरवडाच्या झुडपात दोन. चकतीच्या तोडीची तरवडातली पिढी म्हणजे दोन-तीन पेशींचा परागकण आणि बीजांडातला भ्रूणकोश. उलट, झुडपाच्या तोडीची रिक्सियातली पिढी भिंगातून पाहा: खाचेत रुतलेले काळे ठिपके. तेवढीच ती बीजाणूंची पिशवी. तिला देठसुद्धा नाही. भोवतालची चकती कुजली की बीजाणू मोकळे होतात.

४. पाण्याचा माग काढा. रिक्सियाची शुक्रपेशी दोन कशाभिका हलवत पाण्यातून पोहत जाते. तरवडाच्या फुलाला भुंगा लटकून थरथरतो, परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून पराग सांडतात. पुढे परागनलिका पुंपेशींना थेट बीजांडापर्यंत नेते. तिथे पावसाच्या थेंबाची गरज नाही.

५. कमी लेखू नका. खडकावरचं प्लॅजिओकॅझ्मा हे लिव्हरवर्ट कोरडं पडलं की कडा आत वळवून मिटतं आणि पावसाने पुन्हा हिरवं होतं. आपल्या दुष्काळी मुलखात तरवड तगतो तो मुळांच्या जोरावर, हे तगतं ते सगळे व्यवहार थांबवून.

विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं: तक्त्यात पहिली ओळ पिढीची लिहा, मुळं-पानं-फुलं नंतर. आणि याच जिल्ह्यातलं येडशी रामलिंग घाट हे अभयारण्य आहे. तिथे नमुना उपटू नका, भिंग घेऊन खाली बसा.